चपला आणि मिलाद

‘लोक नीट वाचत नाहीत म्हणून धर्माच्या विषयावर भडकतात’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. वाचतात हो, चांगलं बारकाईने वाचतात. फक्त ‘ही कोणाच्या बाजूची’ ते आधी ठरवून मग वाचतात.

आमच्या ग्वाल्हेरचं सांगते. तानसेन समारोह या संगीत महोत्सवाची सुरुवात हजीरा भागात तानसेनच्या समाधीपाशी होते, सकाळी शहनाई, हरिकथा, मग मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण) आणि चादर. हरिकथा ढोलीबुवांच्या मठाची, म्हणजे आपल्याच कीर्तनाच्या घरातली. आणि शेजारी सूफी संत मोहम्मद गौस यांचा मकबरा. एका वर्षी मी स्टेटसला एवढंच टाकलं, ‘हरिकथा छान झाली, मग मिलाद झाला.’ दहा मिनिटांत पुण्याच्या चुलतभावाचा मेसेज, ‘हे आम्हाला शिकवायला टाकलंस का?’ तेवढ्यात आमच्या यांच्या एका मित्राचा, ‘वहिनी, हरिकथा छान आणि मिलाद नुसताच झाला?’ आता काय सांगू, मिलादच्या वेळी मी गर्दीत चपला शोधत होते!

दोघंही मला वीस वर्षं ओळखतात. पण लिहिलेल्या ‘हो का’ला सूर नसतो, तो वाचणारा घालतो, आणि बहुतेक वेळा मागच्याच कुठल्या तरी भांडणातला घालतो. चुलतभाऊ त्या आठवड्यात त्याच्या सोसायटीत लाउडस्पीकरवरून वाद घालून बसला होता, हे मला नंतर काकूंकडून कळलं. तोवर मी त्याला मनातल्या मनात ‘कट्टर’ ठरवून मोकळी झाले होते.