आकारी पड जमीन: महाराष्ट्राचा फॉरवर्ड बेळगावात चालत नाही

ए-102: आकारी पड, म्हणजे सारा थकून सरकारजमा झालेल्या जमिनी वारसांना परत मिळणार, असा मेसेज फिरतोय. खानापूर, निपाणीकडं लागू आहे का?

सी-301: नाही काका. ती 2025 ची दुरुस्ती महाराष्ट्राच्या जमीन महसूल कायद्यातली. आपला जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात आला, इथं 1964 चा कर्नाटकाचा कायदा. कृपया गावच्या ग्रुपवर टाकू नका. लोक त्या भरवशावर बसतात आणि मुदत निघून जाते.

ए-102: मग सुरुवात कुठून?

सी-301: पहाणीवरनं, म्हणजे इथला सातबारासारखा उतारा. 9 नंबरच्या कॉलमात 'सरकार' लिहिलं असेल तर 10 वा बघा, नोंद कशानं झाली ते तिथं असतं. त्यातला फेरफार नंबर घेऊन तहसीलदार कचेरीतनं फेरफार, जप्तीचा आदेश, नोटीस बजावल्याचा कागद आणि लिलाव झाला असल्यास तो कायम केल्याचा आदेश, सगळ्याच्या सही-शिक्क्याच्या नकला मागा. जुनं मोडीत असेल तर लिप्यंतर आत्ताच करून ठेवा.

बी-204: या सगळ्यात लिलाव कायम झाल्याची तारीख सर्वांत महत्त्वाची. तो रद्द करायच्या दाव्याला त्या दिवसापासून एकच वर्ष मिळतं, मुदत कायद्याच्या परिशिष्टातला 99 वा अनुच्छेद. नोटीसच बजावली नव्हती असं कागदावर दिसलं, तर विक्री मुळातच शून्य हा मुद्दा घेता येतो. पण तो सिद्ध करावा लागतो, म्हणून बजावणीचा कागद सोडू नका.

डी-103: प्रांतांकडं अपील केलं की नाव लागतं म्हणतात?

बी-204: वहिनी, कर्नाटकाच्या जमीन महसूल कायद्याच्या कलम 136 (2) चं अपील फेरफाराच्या नोंदीपुरतं. मालकी दिवाणी कोर्टच ठरवतं. नोंदीनं हक्क येत नाही, जातही नाही. लोक प्रांत, मग डीसी (जिल्हाधिकारी) करत वर्षं घालवतात, खरं दुखणं हेच.

सी-301: दाव्याआधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस, मग दोन महिने थांबायचं. तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन आधीही दाखल होतो, पण सरकारचं म्हणणं ऐकल्याशिवाय अंतरिम आदेश मिळत नाही. मुदतीचा शेवट जवळ आला असेल तर नोटीस आजच काढा.

बी-204: प्रतिवादीत राज्य सरकार आणि लिलावात घेणारा, दोघंही हवेत. वारस एकूण एक, लग्न झालेल्या बहिणीसुद्धा. आणि ताबा दुसऱ्याकडं असताना नुसतं डिक्लरेशन (मालकी जाहीर करून मिळणं) मागू नका, स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम 34 खाली दावा तिथंच पडतो. डिक्लरेशन आणि ताबा एकाच दाव्यात मागा.

ए-102: उद्याच पहाणी काढतो.

सी-301: फेरफार नंबर मिळाला की इथंच टाका, काका. नकलेचा अर्ज लिहून देतो.