शेवटचं वर्ष: तुम्ही काय केलंत, काय राहून गेलं?

माझी भाची पेडण्याहून रोज दोन बस बदलून ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात जाते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., यंदा शेवटचं वर्ष. चवथीला घरी आली तेव्हा विचारलं, प्रबंधाला विषय काय घेतलास? म्हणाली, "मामा, घाई काय आहे, दिवाळीनंतर बघू."

मी गप्प बसलो, पण ते मनातून जाईना. अठरा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो. आमचे एक सर त्या वर्षी निवृत्त होणार होते. कदंबकालीन शिलालेखांच्या ठशांच्या वह्या त्यांच्याकडे होत्या. "ये एखाद्या संध्याकाळी, दाखवतो," असं त्यांनी तीनदा तरी म्हटलं असेल. मी गेलो नाही. परीक्षा झाली, सर गावी गेले, आणि मग जायला काही कारणच उरलं नाही.

म्हणून हा धागा. तिला उपदेश नको आहे, तो मी करून चुकलो. तुमच्या शेवटच्या वर्षात प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा. राहून गेलेलंही लिहा.

सत्तरी तालुक्यातून, एम.ए. मराठी

तुमच्या भाचीचं "दिवाळीनंतर" वाचलं आणि लगेच लिहायला बसले. माझा विषय होता आमच्या वाड्यावरची धालोगीतं, म्हणजे धालो या बायकांच्या नाचात म्हणायची गाणी. आजीला सगळी येतात, त्यामुळे मी निर्धास्त होते. फेब्रुवारीत बसू, दोन दिवसांत उतरवून घेऊ, असा हिशेब. जुलैत मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "आजी घरात गाईल का?" मला प्रश्नच कळला नाही. घरी जाऊन आजीला म्हटलं, म्हण बघू एक. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "ती मांडावरची गाणी. मांड भरला की म्हणायची. घरात कशी म्हणणार?"

मांड म्हणजे धालो खेळायची ठरलेली जागा, आणि धालो पौषात. म्हणजे माझ्या हातात त्या वर्षीच्या पाच रात्री होत्या, बस्स. जुलैत हे कळलं म्हणून तयारी झाली: कोणत्या बायका कोणत्या ओळीत उभ्या राहतात, पहिली ओळ म्हणते ते दुसरी कसं उचलते, हे सगळं आधी विचारून ठेवलं. मांडावर फोन कुणाच्या तोंडासमोर धरला नाही, तुळशीजवळ ठेवून दिला. दोन ओळी एकमेकींसमोर, कमरेत हात घालून वाकत पुढे येतात तेव्हा पायांचा आवाजही गाण्यातच असतो. तो माझ्याकडे आहे. तिसऱ्या रात्री आजीने एक गाणं म्हटलं, ते आईनेसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

विषय दिवाळीनंतर ठरला असता तर परवानगी, आराखडा यात पौष निघून गेला असता. पुढच्या पौषात मी विद्यार्थिनी नसते.

वास्को, सागरी विज्ञान

वरचं पौषाचं म्हणणं आमच्याकडेही तंतोतंत लागू. मांडवी-जुवारीच्या मुखांत उन्हाळ्यात खारं पाणी कितीतरी किलोमीटर आत चढतं आणि पावसात तेच पाणी जवळजवळ गोडं होतं. हा फरक दाखवायचा तर जुलै-ऑगस्टचे नमुने हवेतच. आमच्या तुकडीत दोघांनी सप्टेंबरनंतर सुरुवात केली. त्यांच्या तक्त्यात पावसाळ्याचा रकाना शेवटपर्यंत रिकामा राहिला. मी भरतीचं वेळापत्रक बघून पहाटे साडेचारला होडीवाल्यासोबत निघायचो. बाटलीवर वेळ लिहायची राहिली की तो नमुना फुकट, हे पहिल्याच दिवशी शिकलो.

फोंडा, बी.एस्सी. भौतिकशास्त्र

तारखांचं लिहितो. जॅमचे, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत. एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेचंही जवळपास तसंच. पदवी हातात यायच्या आधी, शेवटच्या वर्षात असतानाच बसता येतं. मला वाटायचं आधी पदवी, मग अर्ज. त्या समजापायी एक वर्ष गेलं.

डिचोली

माझा अनुभव कागदांचा आहे आणि तो कडू आहे. जन्मदाखल्यावर आमचं आडनाव आजोबांच्या काळच्या पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने, दहावीच्या गुणपत्रिकेवर आताच्या. शेवटचं वर्षभर लक्षात होतं, पण "बघू नंतर". निकालानंतर एका ठिकाणी निवड झाली, कागद तपासले आणि तिथेच अडलं. प्रतिज्ञापत्र, जाहिरात, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, एका कार्यालयात फाईलच सापडेना. दुरुस्ती होईपर्यंत आठ महिने गेले. जागा थांबली नाही.

गोव्यात सरकारी नोकरीकडे बघत असाल तर १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड कॉलेजात असतानाच करून ठेवा. जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम, असं असतं. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांनी कोकणी लिहिण्याचा सरावही तेव्हाच करावा. बोलता येतं म्हणून लिहिता येतंच असं नाही.

म्हापसा, बी.कॉम.

माझ्या शेवटच्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं. सकाळी कॉलेज, दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत दुकानात. प्रकल्प, सहल, स्पर्धा, काही नाही. पास झाले. इथले सगळे अनुभव वाचताना कुणा मुलीला वाटू नये की तिचं वर्ष वाया चाललंय. घर सांभाळून ते वर्ष पार पाडणं हेच मी केलं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

मडगाव, शिक्षिका, बावीस वर्षं

म्हापशाच्या मुलीला नमस्कार. अशी मुलं समोर बसलेली असतात आणि आम्हाला कळत नाही. कळलं तर हजेरीपासून सबमिशनपर्यंत पुष्कळ काही करता येतं. तेवढं एकदा येऊन सांगा.

आणखी एक. शिफारसपत्र मागायला मुलं मे महिन्यात येतात. दोन वर्षांत ज्याने एकही प्रश्न विचारला नाही त्याच्याबद्दल मी काय लिहू? "नियमित आणि शांत." ते पत्र वाचणाऱ्यालाही कळतं. विचारायला आलेल्या मुलाबद्दल मात्र मी पानभर लिहू शकते, प्रश्न चुकीचा असला तरी.

पणजी, एम.ए. इतिहास

पणजीतल्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी आहे. ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या केळशीच्या कृष्णदास शामांनी १५२६ मध्ये मराठीत कृष्णचरित्र लिहायला घेतलं होतं. मी शेवटच्या वर्षी दर शनिवारी तिथे बसायचो. सुरुवातीला फक्त सत्रान्त परीक्षेच्या तयारीसाठी, कारण घरी जागा नव्हती. कंटाळा आला की जुनी वर्तमानपत्रं मागवायचो. एकदा १९६७ च्या जनमत कौलाच्या, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या मतदानाच्या दिवसांतले अंक समोर आले. घरात आजोबा एक बाजू सांगायचे, त्यांचे भाऊ दुसरी, आणि जेवताना विषय निघाला की आजी ताट उचलायची. त्या पानांवर दोन्ही बाजू तितक्याच पोटतिडकीने बोलत होत्या. मी प्रबंधाचा विषय बदलला. आता नोकरीमुळे शनिवार मोकळा मिळत नाही. ग्रंथालय तिथेच आहे, पण सकाळी दहाला बसून संध्याकाळपर्यंत उठायचंच नाही, असा दिवस परत आलेला नाही.

मोरजी

आमच्या वर्गात काणकोणची मैत्रीण होती. पहिल्या सेमिस्टरपासून "एकमेकींच्या घरी जायचं" चालू होतं, ते शेवटच्या जानेवारीत जमलं. आमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात तशी तिच्या गालजीबागलाही घालतात. दोघी समुद्रकाठच्या, दोघींचं कासव एकच, आणि दोन वर्षं एका बाकावर बसून हे बोलणंच झालं नव्हतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने काल रात्री सगळं वाचलं. सत्तरीच्या ताईंचं दोनदा. मग बराच वेळ काही बोलली नाही.

आज सकाळी तिचा फोन आला. पेडण्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सीतेची आसवं आणि गेंद ही रानफुलं अजून फुललीत. पाऊस हटला, कातळ सुकला की ऑक्टोबरात तिथे नुसतं वाळलेलं गवत राहतं. सीतेची आसवं मातीखालच्या बारीक पिशव्यांत किडे पकडतात, हे तिनेच मला आता सांगितलं. मार्गदर्शक सरांना तिने मेसेज केलाय. रविवारी सकाळी ती वही, पट्टी आणि भिंग घेऊन सड्यावर जाणार आहे. छत्री धरायला मला बोलावलंय.