इंदूरचं लग्न: तारीख, ताटांचा हिशेब आणि बयाणा

मंडळी, नमस्कार.

लेकीचं लग्न इंदूरला करायचं ठरलंय. सासूबाई रामबागेत असतात, त्यांना आता टोरांटोपर्यंतचा प्रवास झेपणार नाही, म्हणून आपणच तिकडे जायचं. देवउठनी ग्यारशीनंतरचा (म्हणजे कार्तिकी एकादशीनंतरचा) पहिलाच आठवडा धरला होता. मॅरिज गार्डनवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही दोघं गप्पच झालो. केटरर ताटाला ९०० म्हणतोय आणि माणसं ३००. कॅनडाहून बोलतेय म्हटलं की कोणी भाव कमी करायला तयारच होत नाही. कोणी इंदूरला कार्य केलं असेल तर कृपया नीट सांगा.

वधूची आई

---

वहिनी, मनापासून अभिनंदन!

मी मल्हारगंजात वाढले आणि भाचीचं लग्न आम्ही तिथेच केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भावाचं नंतर बघू, आधी तारीख बदला. माळव्यात देवउठनी ग्यारस हा अबूझ मुहूर्त. पंचांग न बघता अख्खं गाव त्या दिवशी बोहल्यावर चढतं, आणि पुढचे काही दिवसही तेच. बँड, घोडी, गार्डन, हलवाई, सगळे आधीच बांधलेले असतात. आखातीजला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही तेच. मग कोण कशाला भाव उतरवेल? पण साधारण १६ डिसेंबरला सूर्य धनु राशीत गेला की संक्रांतीपर्यंत तिकडच्या हिंदी घरांत खरमास पाळतात आणि लग्नं थांबतात. आपल्या पंचांगांत मात्र डिसेंबरअखेर बहुतेक वर्षी मुहूर्त असतात. गार्डनं ओस पडलेली असतात, मालक समोरून विचारतो की किती देता. आम्ही तेच दिवस धरले आणि गार्डनच्या भाड्यातच एवढं वाचलं की दागिन्यांची काळजी कमी झाली.

दुसरं म्हणजे आपलं लग्न दिवसाचं. गार्डनचे दर रात्रीच्या वरातीचे असतात, त्यात रोषणाई आणि जनरेटर धरलेला असतो. आम्ही सरळ सांगितलं, सकाळी सात ते दुपारी चार, अक्षता साडेअकराला, दिवे नकोत. संध्याकाळी दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर खुशाल द्या. भाव ठरला तो तेवढ्याच तासांचा.

फोन मात्र तुम्ही करू नका. तिथल्या एखाद्या आत्याबाईंना किंवा काकांना करायला सांगा, आणि त्यांनी समोर बसून बोलावं. तीन जणांकडून एकाच मेनूचे भाव लिहून घ्या. मेनू वेगळा असेल तर भावांची तुलनाच होत नाही.

आता ताटं. इथे आम्ही फसलो, म्हणून जरा लांबण लावते. ठरलं होतं ३५० ताटांचं, वरची निघतील ती वेगळी. जेवणं संपल्यावर केटररच्या माणसाने ४६० ताटं सांगितली. मी आणि माझा आतेभाऊ मागच्या बाजूला गेलो. तिथे एक बाई मोठ्या टबात ताटं विसळत होती, एक पोरगा ती फडक्याने पुसून पुन्हा स्वच्छ चळतीवर ठेवत होता. तीच ताटं दुसऱ्यांदा मोजली जात होती. भांडण झालं, निम्म्यावर तडजोड झाली, पण त्या दिवशी माझ्या वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं ते अजून आठवतं. तुम्ही असं करा: पन्नास-पन्नासच्या चळती जेवणाआधी आपल्या माणसासमोर मोजा, धुतलेली ताटं वेगळ्या टेबलावर ठेवायला लावा, आणि शेवटी उरलेल्या कोऱ्या चळती वजा करा. कमीत कमी किती ताटांचे पैसे द्यायचे तो आकडा खालीच धरा, वाढीव ताटाचा भाव आधी ठरवा. फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर यांच्या जेवणाचा वेगळा कमी भाव लावून घ्या. त्यांना उपाशी ठेवायचं नाही, पण त्यांना पूर्ण ताटाचा दरही नको.

स्टॉल कमी करा. भुट्ट्याचा कीस हवाच, थंडीत गराडूही (तळलेल्या कंदाच्या फोडी) हवेत, इंदूरला लग्न करून ते नसतील तर लोक विचारतील. बाकी चायनीज वगैरे काही नको. सियागंजच्या घाऊक बाजारातून किराणा भरून हलवायाला नुसती मजुरी देण्याचाही मार्ग आहे, बराच स्वस्त पडतो. पण त्याला घरचं एक माणूस चार दिवस अडकतं. असं माणूस असेल तरच त्या वाटेला जा.

सराफ्यात सोन्याचा भाव कोणी कमी करत नाही, घासाघीस घडणावळीवर करायची. मंगळसूत्राचे काळे मणी आणि खडे वजनातून वजा करून मागा. हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे सहा अक्षरं-अंकांचा ओळख क्रमांक, असायलाच हवा. बीआयएस केअर अ‍ॅपवर तो तिथेच दुकानात घालून बघा.

पैशांबद्दल एवढंच. बयाणा थोडा द्या, आणि तारीख रद्द झाली तर किती परत हे कागदावर घ्या. कोणी रोखीत द्या म्हणून आग्रह धरला तरी एका कार्यासाठी एकाच माणसाने २ लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, दंड घेणाऱ्याला होतो. पक्कं बिल घ्या. बाहेरच्या केटररला ५ टक्के जीएसटी, पण ज्या हॉटेलात खोली ७,५०० च्या वर जाते तिथल्या जेवणावर १८ टक्के. ताटाचा भाव विचारताना हा फरक आधी धरा.

आणि एक कळकळीची विनंती. मेंदीवाल्या मुली, सनईवाला, भांडी घासणाऱ्या बायका यांच्याशी घासाघीस करू नका. आहेराच्या साड्या महेश्वरहून आणणार असाल तर हातमागवाल्या विणकराशीही नको. एका साडीला त्याचे कित्येक दिवस जातात. द्यायच्या साड्यांची संख्या कमी करा, विणकराचा दाम तोडू नका.

मल्हारगंजवाली ताई

---

काकू, ताईंनी सगळं बरोबर लिहिलंय, त्यात दोन गोष्टी जोडतो. गुरू किंवा शुक्राचा अस्त असेल त्या वर्षी डिसेंबरअखेर मुहूर्त मिळत नाही, तेव्हा गुरुजींना विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि नाताळात इथून विमानाची तिकिटं फार महाग होतात. गार्डनमध्ये वाचलेले पैसे तिकिटांत जाऊ नयेत म्हणून किती जण इथून येणार ते आधी मोजा. आम्ही भावाच्या लग्नाला सहाच जण गेलो आणि परत आल्यावर इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये साधं जेवण दिलं.

---

ताई, भाऊ, दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. काल सासूबाईंशी बोलले. डिसेंबरचं ऐकून त्या म्हणाल्या, थंडीत बसायला बरंच. गुरुजींना विचारलंय, ते उद्या कळवतील. ताटं मोजायला माझा दीर बसणार आहे, त्याने आत्ताच वही घेऊन ठेवली. पाहुणे आम्ही २२० वर आणले. आणि सासूबाईंचा हट्ट आहे की निदान घरच्या साठ-सत्तर जणांची पंगत बसवायची, श्रीखंड-पुरी आणि मठ्ठ्याची. वाढायला मुलाकडची उज्जैनची मंडळीही येतो म्हणालीत.

वधूची आई