टीव्हीवर कापून दाखवलेले मारधाडपट बघावेत का?

पिटातला:
रविवारी दुपारी एका इंग्रजी चॅनलवर 'डाय हार्ड' (१९८८) लागला होता. कितव्यांदा ते विचारू नका. नायक अनवाणी, खाली काचांचा खच, आणि त्यावरूनच त्याला पळावं लागतं. पुढे बाथरूममध्ये बसून तळव्यातल्या काचा उपसत तो वॉकीटॉकीवर खालच्या पोलिसाशी बोलतो. माझ्या मते सगळ्या सिनेमाचा जीव त्या प्रसंगात आहे. चॅनलवाल्यांनी त्यातले पायच गायब केले! काच नाही, रक्त नाही, गडी उगाच हळवा होऊन बोलत बसलाय. मग तो लंगडायला लागला तर बायको म्हणते, "याला मधेच काय झालं?"

गोळीबार मात्र सगळा शाबूत. शिव्या गाळल्या त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गोळी सुटताना दाखवायची आणि लागताना कापायची, म्हणजे पोरांना कळणार काय? मारामारीत धूर होतो, आवाज होतो, दुखत कुणालाच नाही. कापलेला सिनेमा मूळ सिनेमापेक्षा जास्त हिंसक होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. बघूच नये.

माजघर:
पिटातले, नाव पिटाचं आणि बोलणं बाल्कनीतलं! आमच्या लहानपणी घरात एक टीव्ही आणि त्यासमोर आजी, बाबा, आत्या, शेजारची दोन पोरं. न कापलेला सिनेमा त्या खोलीत लागलाच नसता. आजी दर पाच मिनिटांनी विचारायची, "हा मेला का गं?" आम्ही सांगायचो, "नाही गं, हीरो आहे." मारधाडपटांची गोडी मला तिथेच लागली.

आता माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. रविवारी आमच्याकडेही तेच लागलं होतं. तळव्यातून काच उपसताना त्याला दाखवायची नाही, हे मी ठरवणार. चॅनलने माझं काम हलकं केलं, एवढंच.

कलम सहा:
चॅनलला शिव्या घालण्याआधी जरा मागचं बघा. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने केबलवर प्रौढ प्रमाणपत्राचे सिनेमे दाखवायला मनाई केली. तेव्हापासून 'ए'वाला सिनेमा टीव्हीवर आणायचा तर आधी कापाकापी करून सेन्सॉर बोर्डाकडून 'यूए', म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघण्याजोगा, करून घ्यावा लागतो. २०२३च्या दुरुस्तीने तर 'यूए'चेच ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन गट पाडले आणि टीव्हीसाठीचं वेगळं प्रमाणपत्र कायद्यातच आणलं. म्हणजे टीव्हीचे हक्क विकायचे असतील तर निर्माता स्वतःच कात्री घेऊन बसतो. पैसा त्याचा, कात्रीही त्याची. ओटीटी या बोर्डाच्या कक्षेत येत नाही, तिथे जाऊन बघा की पाय.

नुसताच वाचक:
माजघर +१. शिवाय जाहिरातीत चहा होतो. तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे म्हणे. आमच्याकडे तेवढ्यात भाकऱ्याही थापून होतात.

चौकट:
'मूळ' सिनेमा टीव्हीवर आपण पाहिलाय कधी? थिएटरात सेकंदाला २४ चौकटी, आपल्या जुन्या 'पाल' (PAL) प्रक्षेपण पद्धतीच्या टीव्हीवर २५. त्यामुळे दोन तासांचा सिनेमा पाचेक मिनिटं आधीच संपायचा, तोही कुणी काही न कापता. त्यात रुंद पडदा चौकोनी टीव्हीत कोंबायचा म्हणजे दोन्ही कडा गेल्या. समोरासमोर उभे ठाकलेले दोन बंदूकवाले, आणि आपल्याला दिसायची मधली भिंत. त्याबद्दल कुणी धागा काढला नाही.

आणि कात्रीतून कधीकधी गंमतही निघते. अमेरिकेत 'डाय हार्ड २'च्या टीव्ही आवृत्तीत नायकाच्या तोंडची ती प्रसिद्ध शिवी 'मिस्टर फाल्कन' झाली. आता लोक तीच हौसेनं म्हणतात.

पिटातला:
चौकट, कडा गेल्या तरी गोष्ट कळत होती. इथे कारण कापून परिणाम ठेवलाय, किंवा उलट.

कलम सहा, निर्मात्याबद्दलचं मान्य, मला हे एवढं ठाऊक नव्हतं. पण कात्रीची आवड कशी असते तेही बघा. २०१५ साली 'स्पेक्टर' आला तेव्हा बोर्डाने थिएटरातल्याच प्रतीत बाँडची चुंबनं निम्म्यावर आणली होती. माणसं मारायचा त्याचा परवाना तेवढा कायम!

माजघर, मुलाला पाय दाखवू नका, काहीच म्हणणं नाही. मग गोळीबारही दाखवू नका. टीव्ही बंद करा. अर्धंच का दाखवायचं?

कलम सहा:
टीव्ही बंद करा म्हणणं सोपं आहे हो. रविवारी दुपारी, नऊ वर्षांच्या मुलासमोर, करून दाखवा.

माजघर:
खरं सांगू का पिटातले, तुमचा प्रश्न मला आधीच विचारून झालाय. मुलगा म्हणाला, "आई, तो अनवाणी का पळतोय?" मी म्हटलं, बूट घालायला वेळच मिळाला नाही त्याला. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणे, "पण खाली काचा होत्या ना? मग त्याचे पाय?"

तरीही मी रविवारचा सिनेमा बंद करणार नाही.

पिटातला:
मग काय सांगितलंत?

माजघर:
तेवढ्यात जाहिरात लागली.