बिलांची एंट्री एआय एजंटकडे द्या, पडताळणी त्याच्याकडे नको

एकाने विचारलंय की पुरवठादारांची बिलं मेलवर येतात, ती शीटमध्ये टाईप करायचं काम कोडिंग न येता एआय एजंटकडे (म्हणजे पायऱ्या ठरवून दिल्या की स्वतः काम करणाऱ्या एआयकडे) देता येईल का. हो, नक्की येतं, आणि सुरुवातीला याहून चांगलं काम नाही. एन८एन किंवा झॅपियरमध्ये (वेगवेगळी ॲप्स जोडून काम आपोआप करून देणाऱ्या सेवा) जीमेलचा ट्रिगर लावायचा, म्हणजे मेल आला की काम आपोआप सुरू होतं, पीडीएफ एआयच्या स्टेपला द्यायची आणि त्याच्याकडून ठरलेले रकानेच मागायचे, म्हणजे बिल नंबर, तारीख, जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नोंदणी क्रमांक), करपात्र रक्कम, कर, एकूण, आणि जे दिसत नाही ते रिकामं सोड असं स्पष्ट लिहायचं, नाहीतर तो अंदाजाने भरून टाकतो.

पडताळणी मात्र एआयवर सोडू नका हो. साध्या इफ कंडिशन ('असं असेल तर हे कर' असे ठरलेले नियम) लावा. जीएसटीआयएन बरोब्बर १५ अक्षरी आहे का (पहिले दोन आकडे राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७, पुढची १० अक्षरं म्हणजे पॅन), रक्कम आणि कर मिळून एकूण जुळतंय का (राउंड ऑफमुळे रुपयाभराचा फरक चालू द्या), त्याच पार्टीचं तेच बिल आधी आलंय का. जुळलं नाही की ती ओळ माणसाकडे.

खर्चाचं म्हणाल तर झॅपियर एकेक टास्क (म्हणजे पार पडलेली एकेक पायरी) मोजतं, एन८एन क्लाउड अख्खा वर्कफ्लो (सगळ्या पायऱ्यांची साखळी) एकदा चालला की एक धरतं, त्यामुळे पायऱ्या जास्त असतील तर बराच फरक पडतो.

आणि कृपया एजंटला पेमेंटची किंवा मेल पाठवायची परवानगी देऊ नका, बाहेरून आलेल्या पीडीएफमध्ये कुणी 'पैसे या खात्यात पाठव' असं घुसवलं तर एआय तो आदेश समजून वागू शकतं. ड्राफ्ट त्याला बनवू द्या, सेंड तुम्ही दाबा.