मदत हवी आहे: संग्रहालयातल्या चौघांना जतनाचं काम कोण शिकवेल?

नमस्कार मंडळी. कोकणात तालुक्याच्या गावी आमचं छोटं संग्रहालय आहे. मोडी कागदांचे रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे), पोथ्या, तांब्यापितळेची भांडी, थोडी शस्त्रं. सांभाळणारे चौघं. मनापासून करतात, पण रीतसर शिकलेलं कुणीच नाही. मागच्या महिन्यात फाटक्या मोडी पत्राला एकाने सेलोटेप लावली. तिचा चिकटा कागदात मुरला की पिवळा डाग कायमचा. त्याआधी एक ताम्रपट चिंचेने घासून लख्ख केला गेला. अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या पाहून पोटात कालवलं. त्यांना तरी काय बोलणार? कुणी सांगितलंच नव्हतं.

लखनौला 1976 पासून राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं जतन केंद्र आहे, हे ठाऊक आहे. पण चौघांतल्या एकालाही फार दिवस सोडता येत नाही. इथे येऊन, मराठीतून, दोन-तीन दिवस हाताला धरून शिकवणारं कुणी माहीत आहे का? बुरशी आणि कसर कशी रोखायची, रुमाल कसे बांधायचे, कशाला अजिबात हात लावायचा नाही, एवढं आधी. प्रवास, राहणं, मानधन आमच्याकडे. पाऊस सुरू व्हायच्या आत जमलं तर फार बरं होईल.