केलरपेक्षा नॅन्सीचं काय?

'केलरनं केलं ते बरोबरच, बाप दुसरं काय करणार?' असं 'प्रिझनर्स' (२०१३) या सिनेमाबद्दल दोघातिघांनी लिहिलंय. त्यात दोन लहान मुली गायब होतात, आणि त्यातल्या एकीचा बाप केलर संशयिताला स्वतःच पकडून नेतो. केलर झालेल्या ह्यू जॅकमनकडं पाहून ते बरोबर वाटतंही. पण मला जास्त छळतात ते दुसऱ्या मुलीचे आईबाप, नॅन्सी आणि फ्रँकलिन. संशयित पोराला पडक्या इमारतीत डांबलेलं, मारून मारून त्याचा चेहरा ओळखू येईना, डोळे सुजून मिटलेले. फ्रँकलिन हादरतो. आणि नॅन्सी ठरवते, केलरला मदत करायची नाही, पण अडवायचंही नाही. मला विचाराल तर सगळा सिनेमा इथंच आहे. स्वतःचे हात स्वच्छ, काम मात्र झालं पाहिजे!

आमच्याकडं, यवतमाळच्या आतल्या खेड्यात, 'पोरं पळवणारी टोळी आली' असा मेसेज फिरला की पारावर हेच दिसतं. अनोळखी भंगारवाल्याची कॉलर एकजण धरतो, बाकीचे "पाहू ना बे, काय होते तं" म्हणत मोबाइल काढतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावानं ठेचून मारले. त्या जमावातही आईबापच असणार की.

बाकी सिनेमा 'फार लांबला' ही काहींची तक्रार मला पटली नाही. अडीच तास आहे खरा, पण कॅमेरामन रॉजर डीकिन्सनं टिपलेला तो पाऊस आणि करडा उजेड घाईत दाखवून चालला नसता. शेवटाबद्दल लिहीत नाही, काहींचा बघायचा राहिलाय.